बिनफुग्याच्या काठ्या

गरीची काठी मी सात-आठ वर्षांचा होतो तेव्हापासून करून राहिलो. गरी म्हणजे गळ. आमच्या इकडे गरीच म्हणतात, म्हणून मी तेच लिहिणार. शाळा माझी चौथीत सुटली. गुरुजींनी हाकललं नाही, मीच गेलो नाही. तलाव शाळेहून जवळ होता.

दवनीवाड्याच्या पलीकडे आमचं गाव. बाप जाळं विणायचा, आजा विणायचा. मला जाळ्यात गोडी नव्हती. जाळ्यात मासोळी आंधळ्यासारखी येते. काठीवर ती आपल्याशी बोलते. म्हणून मी काठ्या केल्या. भरीव वेळू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायचा म्हणजे त्याला कीड लागत नाही. दोन हिवाळे आढ्याला टांगून वाळवायचा, विस्तवावर शेकून सरळ करायचा, जवसाचं तेल पाजून उन्हात ठेवायचा. कड्या बांधायच्या त्या कोशाच्या रेशमानं, आणि बांधणीवर जंगलातली लाख. कडी म्हणजे दोरी जिच्यातून धावते ती लहानशी वाटोळी तार. एका काठीला सात कड्या. माझी बांधणी कधी सुटली नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. नाही सुटली म्हणून सांगतो.

नागपूरचे एक साहेब होते, दातांचे डॉक्टर. सुट्टीत इटियाडोहच्या धरणावर गरी टाकायला यायचे. त्यांची परदेशी काठी मोडली तेव्हा कोणीतरी त्यांना माझ्या दारात आणून सोडलं. मी मधला तुकडा वेळूचा घालून ती जोडून दिली. वर्षभरानं ते परत आले. काठी टिकली होती, पण मे महिन्यात गाडीत ठेवल्यावर लाख नरम होऊन सीटला चिकटली होती. त्यांनी दोन बाटल्या काढून माझ्या पुढ्यात ठेवल्या. एकीत राळ, दुसरीत तिला घट्ट करणारं पाणी. इपॉक्सी म्हणतात. दोन्ही बरोबरीनं मिसळायचं, बांधणीवर लावायचं, की काचेसारखं होतं. मग ऊन-पाण्याची फिकीर नाही. मोबाइलवर त्यांनी एका गोऱ्या माणसाची काठी दाखवली. रेशमाचा एकेक धागा दिसत होता आणि वर जणू थांबलेलं पाणी.

"काका, जमेल का हे?" साहेबांनी विचारलं.

मला हा प्रश्न आवडला नाही. मी म्हटलं, बाटल्या ठेवून जा.

ते जाताना म्हणाले, हातमोजे घाला, तोंडाला बांधा, खिडकी उघडी ठेवा, सगळं बाटलीवर लिहिलं आहे, वाचून घ्या. लिहिलं होतं इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढं. मी मान हलवली. मला इंग्रजी वाचता येत नाही हे त्या माणसाला कळू द्यायचं नव्हतं. तेवढ्यासाठी हलवली.

पहिली काठी मी जशी तेलाची करतो तशी केली. बाटल्यांतलं मिसळलं, बेसन फेटतात तसं फेटलं, लावलं आणि काठी उन्हात ठेवली. आमच्याकडं काहीही वाळवायचं तर ऊन. तासाभरात बांधणीवर फुगेच फुगे. पापड भाजताना उठतात तसे. तसेच घट्ट झाले. शेजारचा म्हातारा कुंपणावरून पाहून म्हणाला, "काठीले माता आली का जी?" माता म्हणजे देवीचे फोड. दुसरी काठी तशीच. तिसरी तशीच. मी ऊन वाढवलं, म्हणजे पत्र्यावर ठेवली. फुगे वाढले. चार महिने मी उन्हाशीच भांडत होतो.

बायको हे सगळं पाहायची. ती बोलायची कमी आणि बोलली की टोचायचं. एकदा भाताचा गंज, म्हणजे पातेलं, चुलीवरून उतरवताना ती म्हणाली, "गंज तापला का झाकन उचलते, थंडा झाला का झाकन चिपकते. तुमचा वेळू काऊन येगळा राहील?" मी म्हटलं, तू भात पाहा. पण दुसऱ्या दिवशी मी काठी दुपारभर उन्हात तापवली, ऊन उतरल्यावर आत आणली आणि दिवेलागणीला लावली. वेळूच्या पोटात हवा असते. तापताना ती बाहेर निघते, निवताना वेळू ती परत आत ओढतो आणि राळही आत ओढून घेतो. फुगे निम्म्याहून कमी झाले. मग मिसळायचं पण हळू शिकलो, पसरट ताटलीत, एका बाजूनं, ताक ढवळणाऱ्या म्हाताऱ्या बाईसारखं. ब्रश सोडला, त्याच्या केसांत हवा बसते. वेळूची पातळ कामटी तासून तिनं लावू लागलो.

तरी राहायचेच. कडीच्या पायाजवळ रेशीम थोडं उचललेलं असतं, त्या पोकळीतून एकेक फुगा निघायचा, मोहरीएवढा, आणि बरोबर वर येऊन बसायचा. सुईनं फोडला तर खड्डा. साहेबांनी फोनवर सांगितलं, स्पिरिटचा लहान दिवा जवळून फिरवा, ऊब लागली की फुटतो. मी फिरवला. कोशाचा धागा जळून काळा डाग पडला. एकदाच पडला, पण मी तो दिवा परसात फेकून दिला. मला शिकवायला निघालेली वस्तू मला चालत नाही. हा माझा स्वभाव आहे.

त्या दिवशी बायकोनं चुलीपाशी टेकवलेली फुंकणी उचलली आणि काठीशी येऊन बसली. फुंकणी हातभर लांब. तोंडातली ऊब तिच्यातून बारीक होऊन निघते. थुंकी तिच्या आतच राहते. तिनं कडीपासून चार बोटं अंतर धरलं आणि फुंकलं, विझत्या विस्तवाला जगवतात तसं. जोरात नाही, लांब. फुगा डोळ्यादेखत पातळ झाला आणि गेला. खाली खड्डा नाही, डाग नाही, काही नाही. ती पुढच्या कडीवर गेली.

मी पण करून पाहिलं. मी बिडी ओढणारा, माझा दम आखूड. मध्येच तुटायचा आणि राळेवर पांढरी साय यायची. तिचा दम चाळीस वर्षं ओल्या लाकडांवर तयार झालेला. एका दमात ती कडीचे दोन्ही पाय साफ करायची.

मग आमची रीत बसली. जावयानं गणपतीच्या मागं चक्र फिरवायची मोटर आणून दिली, ती अगदी सावकाश फिरते. तिच्यावर काठी चढवायची म्हणजे राळ एका बाजूला ओघळत नाही. खोलीचं दार लावायचं, खिडकीला साडी बांधायची, पंखा बंद. कारण धुळीचा एक कण बसला तरी काठी गेली. मी कामटीनं लावत पुढं जायचो, ती मागून फुंकत यायची. तास-दीड तास. त्या वेळात आम्ही फार बोलायचो नाही. आता आठवतं तर तेवढा वेळ आम्ही दोघं इतके जवळ दुसऱ्या कोणत्या कामात बसलो नव्हतो.

साहेब काठी घ्यायला आले तेव्हा त्यांनी ती खिडकीशी धरून फिरवली, चष्मा काढून पाहिली. एकही फुगा नाही म्हणाले. परदेशातले लोक यंत्रानं करतात, तुम्ही कसं केलं?

मी म्हटलं, "हात आहे साहेब."

ती चहा घेऊन दारात उभी होती. कप ठेवून आत गेली. रात्री भाकर वाढताना म्हणाली, "हात तुमचा. अन् तोंड कोनाचा?" मी हसलो. तीपण हसली. त्या वेळी ते हसण्यावारी गेलं. पण पुढं जो कोणी आला, नागपूरचा, रायपूरचा, त्या प्रत्येकाला मी हेच सांगितलं. हात आहे. चार वर्षं सांगितलं.

त्या दुसऱ्या बाटलीच्या वासाबद्दल सांगायला पाहिजे. दुसऱ्या कोणाच्या घरात ती बाटली उघडली असती तर माणसं नाक धरून बाहेर पळाली असती. तो वास शिळ्या मासोळीचा आहे. थेट तसाच, वाळत घातलेल्या बोंबलावर पाऊस पडल्यासारखा. आम्ही मासोळीवाले. आमच्या भिंतींना तो वास, अंथरुणाला तो वास. बंद खोलीत तास-तास तो भरून राहायचा आणि आमच्या नाकाला त्यात काही परकं वाटलंच नाही. बायको तर एकदा म्हणाली होती, बरा वास आहे, घरचाच आहे. फुंकण्याआधी दम भरून घ्यावा लागतो. ती तो दम त्याच हवेतून भरून घ्यायची, काठीवर वाकून.

माझ्या बोटांना खाज सुटायची, भेगा पडायच्या. मी रॉकेलनं हात धुवायचो. तिला खोकला लागला.

आधी हिवाळ्यापुरता वाटला. मी म्हटलं चुलीचा धूर. घरात गॅस आला, चूल पाण्यापुरती राहिली, तरी खोकला होता. मग छातीत शिट्टी वाजायला लागली. बसल्या बसल्या ती म्हणायची, "जीव भरून येऊन राहिला." पोरीच्या बाळंतपणाला ती तिरोड्याला महिनाभर राहिली. एकुलती एक पोरगी आमची. तिथं खोकला नाही, शिट्टी नाही, फोनवर आवाज मोकळा. परत आली, दोन काठ्या झाल्या, की परत सुरू.

मी पाण्यावरच्या एका वलयावरून खाली कोणती मासोळी आहे ते सांगतो. तेव्हा हे मला दिसलं नाही असं कोणी समजू नये. दिसलं. त्याच हिवाळ्यात दिसलं. मी ते दिसू दिलं नाही, एवढंच. काऊन? कारण फुंकणीशिवाय माझी काठी दुसऱ्या कोणाही काठीसारखी होती.

मागच्या वर्षी साहेबांनी एकदम सहा काठ्या सांगितल्या. थंडीत त्यांचे मित्र इटियाडोहला जमणार होते, त्यांत एक मुंबईचा होता, तो काठ्यांचे फोटो काढून त्यांच्यावर लिहायचा. साहेब म्हणाले, काका, तुमचं नाव होईल. मी म्हटलं, सहाच्या सहा, एकही फुगा नाही. पोरीचा रोज फोन यायचा, मायला गोंदियाला दाखवून आणा. मी म्हणायचो, काठ्या होऊ दे. बायकोपण म्हणायची, "होऊ द्या. मंग जाऊ." ती असं का म्हणाली हे मी पुष्कळदा विचारून पाहिलं, तिला नाही, स्वतःला. मला वाटतं त्या काठ्या तिच्यापण होत्या. फक्त ते कोणी म्हटलं नव्हतं.

एका सांजेला दोन काठ्या, तीन दिवसांत सहा, असा हिशेब. पहिले दोन दिवस झाले. तिसऱ्या दिवशी दुपारपासूनच ती भिंतीला टेकून बसली होती. मी विचारलं, होईल का? ती म्हणाली, लावा. मिसळलेली राळ थांबत नाही. दीड-दोन तासांत घट्ट होते, एकदा ताटलीत ओतली की मागं फिरता येत नाही. मी ओतली. पाचवी काठी झाली. सहावीच्या पाच कड्या झाल्या. तिनं फुंकणी खाली धरली आणि दुसरा हात भिंतीवर ठेवला. छातीतून कुत्र्याचं पिलू रडतं तसा आवाज येत होता.

"दम पुरून नाई राहिला," ती म्हणाली.

मी म्हटलं, "दोनच राहिल्या."

ती वाकली. सहाव्या कडीवर फुंकलं. सातवीवर फुंकणी नेली, आणि फुंकणी तिच्या हातातून सुटली, आणि ती तिथंच बसली, बसली म्हणजे खाली घसरली. ओठ जांभळाच्या रंगाचे झाले होते.

आता हे लिहितो. मी आधी काठीकडं पाहिलं. पडता पडता फुंकणी काठीला लागली का, ते पाहिलं. लागली नव्हती. मग मी तिच्याकडं वळलो. किती वेळ गेला? एक श्वास घेता येईल एवढा. माझा श्वास. तिला त्या वेळी घेता येत नव्हता.

शेजाऱ्याच्या ऑटोतून गोंदियाला नेलं. वाटेत ती माझा दंड धरून होती. तिची नखं दंडात रुतली होती आणि मी नखांचा रंग पाहत होतो. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, वाफ दिली, सुया दिल्या. तासाभरानं रंग परतला. पोरगी-जावई तिरोड्याहून आले.

डॉक्टरीण तरुण होती, बारकी, शांत बोलणारी. तिनं सगळं विचारलं. चूल किती वर्षं? घरात बिडी कोण ओढतं? शेतात फवारणी करता का? घरात रंगाचं, केमिकलचं काही काम होतं का? पोरगी म्हणाली, नाही मॅडम, असं काही नाही, बाबा वेळूचं काम करतात.

डॉक्टरीण माझ्याकडं वळली. "आजोबा, वेळूचंच ना?"

मी म्हटलं, "वेळूचंच."

तिनं लिहून घेतलं.

बायकोच्या तोंडावर मास्क होता. तिला बोलता येत नव्हतं. ती माझ्याकडं पाहत होती. मी खाटेच्या पायाकडं पाहत होतो. खाटेला लोखंडाच्या पट्टीवर हिरवा रंग होता आणि त्यावर फुगे आले होते, वाईट काम केलेलं. मी ते पाहत बसलो. काय सांगायचं होतं मला? की एवढं नाव झालेल्या काठ्या बायकोच्या दमावर उभ्या होत्या. की बाटलीवर काय लिहिलं आहे ते मला वाचता येत नाही. की मला माहीत होतं. तीन गोष्टी होत्या आणि तिन्ही मला जड होत्या. मी दुसरा दिवस बोललो नाही, तिसरा दिवस बोललो नाही. ती थोडी बरी दिसत होती. मनाला मी सांगत होतो, बरी होऊन राहिली ना, मग कायले?

तिसऱ्या दिवशी मी पोरीला म्हटलं, घरी जाऊन आंघोळ करून येतो. पोरगी म्हणाली, जा, कपडे पण बदला. मी घरी गेलो. आंघोळ केली नाही. मोटर तीन दिवस तशीच फिरत होती, सहावी काठी तिच्यावर. मी ती उतरवून खिडकीशी नेली. सातव्या कडीखाली तीन फुगे होते. खसखशीएवढे. परक्याला दिसलेही नसते.

मी तेवढा भाग तासला, नव्यानं राळ मिसळली, लावली आणि स्वतः फुंकलं. बराच वेळ फुंकलं. मग तसाच, त्याच धोतरावर, त्याच हातांनी, संध्याकाळच्या काळीपिवळी जीपनं दवाखान्यात आलो आणि तिच्या उशाशी बसलो. मास्क काढला होता. ती पोरीशी दोन शब्द बोलत होती, चहा घेतला म्हणून सांगत होती.

पाव तास झाला नसेल. ती खोकली, उठून बसली, परत तो पिलासारखा आवाज. नर्स धावली, डॉक्टरीण आली. परत सगळं लावलं. त्यांना कळेना. सकाळपासून बरी होती, औषध बदललं नाही, मग हे कशानं? डॉक्टरीण पोरीला विचारत होती, काही खायला दिलं का, अगरबत्ती लावली का. बायको मास्कमधून माझ्या हातांकडं पाहत होती. मी हात मागं नेले. आणि मग मला ते आणखी सहन झालं नाही.

मी खाली उतरलो, नळावर हात-तोंड धुतलं, गावी परत गेलो. शेवटची गाडी चुकली तर अर्धी वाट चाललो. सकाळी दोन्ही बाटल्या पिशवीत गाठी मारून आणल्या आणि वॉर्डात न नेता डॉक्टरणीच्या टेबलावर ठेवल्या. पोरगी माझ्या मागून आली होती.

डॉक्टरणीनं दुसरी बाटली उजेडात धरून बारीक अक्षर वाचलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"रोज?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, हंगामात रोज.

"किती वर्षं?"

"चार."

"बंद खोलीत?"

"हो."

"आणि त्या काय करायच्या?"

मी मूठ नळीसारखी तोंडाशी धरली, वाकलो आणि फुंकून दाखवलं. पोरगी मागं उभी होती. ती बाहेर निघून गेली.

डॉक्टरणीनं मग समजावून सांगितलं. या बाटलीतल्या पाण्याच्या वाफेनं फुप्फुस एकदा बिथरलं की ते विसरत नाही. पुढं थोडासाही वास लागला तरी दम कोंडणार. औषधानं सांभाळता येईल, पहिल्यासारखं होणार नाही. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, कालचा झटका तरी टळला असता. तेवढं एकदाच म्हणाली आणि कागदावर लिहिलेलं वेळूचं काम खोडलं.

पोरगी मायला तिरोड्याला घेऊन गेली. साहेब आले, सहा काठ्या घेऊन गेले. सहावी त्यांनी फिरवून पाहिली आणि ठेवली. त्यांना काही दिसलं नाही. पुढं त्यांचा फोन आला की आणखी चार पाहिजेत. मी म्हटलं, आता होत नाही. ते म्हणाले, काका, रागावलात का कशावर? मी म्हटलं नाही. तेवढ्यावर फोन ठेवला. त्यांनाही मी खरं सांगितलं नाही. अजून नाही.

मी खोली धुतली. चुना मारला, जमीन उकरून नव्यानं सारवली, मोटर, ताटल्या, कामट्या, सगळं गावाबाहेर खड्ड्यात पुरलं. होळीनंतर पोरगी तिला घेऊन आली, घर पाहायला. ऑटोतून उतरून ती अंगणातून नीट चालत आली. उंबऱ्यावर पाय ठेवला आणि थांबली. मला तर काही वास येत नव्हता. पण राळ घासताना उडालेली पूड चार वर्षं कौलांत, लाकडांत बसली होती, ती कोणत्या चुन्यानं जाणार? तिनं छातीवर हात ठेवला. पोरीनं दम्याचा पंप दिला, दोनदा ओढून तिनं दम घेतला आणि उंबऱ्याच्या बाहेरूनच घराकडं पाहिलं. चूल, भांड्यांची फळी, तिची पेटी. मग म्हणाली, पेटी बाहेर आणून द्या. मी आणून दिली. पोरीनं ती उन्हात उघडून साड्या झटकल्या, दोन-चार घेतल्या, बाकीच्या परत ठेवल्या. त्यांत वास होता म्हणे.

आता मी दर बाजाराच्या दिवशी तिरोड्याला जातो. पोरीनं माझा एक कपड्यांचा जोड तिकडंच ठेवला आहे. मोरीत जाऊन आंघोळ करायची, तो जोड घालायचा, मगच दारापुढच्या छपरीत तिच्या खाटेजवळ बसायचं. माझ्या कपड्यांची पिशवी फाटकाबाहेर टांगलेली राहते. सुरुवातीला मला याचा अपमान वाटायचा. जावयाच्या घरी मी असा आंघोळ केल्यावरच आत घेतलेला माणूस. आता वाटत नाही, किंवा वाटतो आणि मी बसतो.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका बाजाराला पोरगी नळावर गेली होती. आम्ही दोघंच होतो. मी तिला गावचं सांगत होतो, तलाव आटला, शेजारच्या म्हाताऱ्यानं गाय विकली. ती ऐकत होती. मग मध्येच, मी गाईचं सांगत असतानाच तिनं विचारलं.

"फुकला तो मीच फुकला. कोनी बांधून नव्हता ठेवला. त्याचा काई नाई. पन तीन दिवस तुमी माया उशापाशी बसून होते. डाक्टरीन विचारून राहिली होती. काऊन नाई सांगतला?"

मी म्हटलं, "मले वाटला, बरी होशील."

ती थोडं थांबली. आता तिला लांब बोलायचं तर मध्ये थांबावं लागतं.

"नाई," ती म्हणाली. "तुमाले वाटला, काठीचा नाव जाईल."

मी हो म्हटलं. वाद करण्यासारखं काही नव्हतं. ती रस्त्याकडं पाहत राहिली, आणि मग पोरगी पाणी घेऊन आली.

पुढच्या बाजाराला गेलो तर छपरीतली खाट आत नेलेली. मी आंघोळ केली, कपडे बदलले. पोरीनं दाराशी येऊन सांगितलं, माय म्हणते आज नाही भेटत. तब्येत बरी नाही का, मी विचारलं. पोरगी म्हणाली, तब्येत ठीक आहे.

तेव्हापासून पाच बाजार झाले. मी जातो. आंघोळ करतो, तो जोड घालतो, छपरीत रिकाम्या जागी बसतो. पोरगी चहा आणून ठेवते. आतून पंपाचा आवाज येतो, एकदा, थोड्या वेळानं आणखी एकदा. साडेचारला माझी गाडी असते.